पोंच

"पोंच तुमचीच ना?"

टेलिफोनवरून हा प्रश्न आम्हांस प्रथम विचारण्यांत आला, तेव्हां क्षणाचाहि विलंब न लावतां आम्हीं "हो, हो, अर्थातच!" असें उत्तर देऊन मोकळे झालों. प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्याच्या एका जुन्या पेठेंतील दुकानदार होते, आणि आमच्या घरीं होणाऱ्या जवसाच्या चटणीच्या चोवीस पुड्या त्यांनीं मागविल्या होत्या. पुण्याच्या दुकानदारानें आपण होऊन नागपूरची चटणी मागवावी, आणि नागपूरच्या माणसानें भाडें कोणाचें ह्याची घासाघीस करीत बसावें, हें आम्हांस त्या घटकेस फार हलकेपणाचें वाटलें.

मराठींत 'पोंच' ह्या शब्दाचे निदान तीन अर्थ आहेत. माल ठिकाणीं नेऊन घालणें ही एक पोंच. तो मिळाल्याची पावती ही दुसरी. आणि माणसाच्या समजुतीची धांव ही तिसरी. पहिली पोंच पत्करण्यापूर्वीं तिसरी आपणांपाशीं कितीशी आहे हें पाहून घ्यावें, हें शहाणपण आम्हांस दीड वर्षानें आलें. तें कसें आलें हें सांगण्याचें योजिलें आहे. आमच्यासारख्या नोकरदार घरांतून हल्लीं लहानसहान उद्योग निघत आहेत. त्यांतील कोणास ह्या कहाणीचा उपयोग झाला, तर आमचें नुकसान अगदींच वायां गेलें असें होणार नाहीं.

आमचें घर नागपुरास प्रताप नगरांत आहे. वस्ती बहुतेक पगारदारांची. आम्हीहि एका कचेरींत तेहेतीस वर्षें कारकुनी करून निवृत्त झालों. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब आम्हीं पै-पैपर्यंत चोख ठेविला. स्वतःच्या पैशाविषयीं चार माणसांत बोलणें मात्र आम्हांस कधींच साधलें नाहीं. चटणीचा उद्योग आमच्या कुटुंबाचा. जवस, तीळ, कऱ्हाळे ह्यांच्या चटण्या, मेतकूट, कुरडया आणि लोणचें. प्रथम आप्तेष्टांस, मग शेजाऱ्यांस, मग खामल्याच्या आणि सीताबर्डीच्या दोन-तीन दुकानांस माल जाऊं लागला. तेथवर पोंच म्हणजे स्कूटरची एक फेरी आणि दुकानदाराकडचा एक कप चहा. त्या फेरीस कांहीं किंमत असते, हें आमच्या वहींत कोठेंच लिहिलेलें नव्हतें.

पुण्याचें खोकें निघालें तो दिवस आम्हांस चांगला आठवतो. दाराशीं रिक्षा आली. प्रताप नगरच्या चौकांतून रिंग रोड, पुढें अमरावतीचा रस्ता आणि मग वाडी. वाडीस वाहतूक कंपन्यांचीं गुदामें एकास एक लागून आहेत. साऱ्या हिंदुस्थानचा माल तेथें एका मोटारींतून उतरून दुसरींत चढतो. कोळशाच्या, सिमेंटच्या, औषधांच्या गाड्यांच्या त्या गर्दींत आमचें पांच-सहा किलोंचें खोकें लग्नघरांत हरवलेल्या पोरासारखें दिसत होतें. गुदामांतील कारकुनानें मान वर न करितांच विचारलें, "पेड कीं टू-पे?" भाडें पाठविणारा देणार कीं घेणारा, असा त्याचा अर्थ. "पेड!" असें आम्हीं जरा मोठ्यानेंच सांगितलें. त्यानें बिल्टी फाडून दिली. ती आम्हीं घडी घालून खिशांत ठेविली आणि कांहीं मोठा व्यापार केल्याच्या थाटांत घरीं परत आलों.

त्यानंतर पुण्याची मागणी दर पंधरवड्यास येऊं लागली. नेहमीं चोवीस पुड्या, कधीं पंचवीस नाहींत. नाशिक, सोलापूर, औरंगाबाद (तें आतां छत्रपति संभाजीनगर झालें आहे), अशीं अकरा दुकानें जमलीं. सर्वांस आमची पोंच. घरांत पीठ-मसाल्याचा वास कायमचा भरून राहिला. मदतीस येणाऱ्या बाई आठवड्यांतून चार दिवस येऊं लागल्या. पैसा मात्र शिल्लक दिसेना.

दिवाळीनंतरच्या एका रात्रीं आम्हीं जुनी कारकुनी जागी केली आणि वही घेऊन बसलों. हिशेब साधाच होता. तो आधीं केला नव्हता एवढेंच. पुडीवरची किंमत १०० रुपये. दुकानदारास ती आम्ही ७० ला देत असूं. जिन्नस ३२ रुपयांचे, पुडी आणि लेबल ८, बाईंची मजुरी १२, मिळून ५२. उरले १८. चोवीस पुड्यांचे झाले ४३२ रुपये. आतां रस्त्याचा खर्च. रिक्षा १५०, खोकें व आंतील कागद ६०, भाडें १८०, हमाली २०, एकूण ४१०. म्हणजे दोन दिवस पहांटे पांचला उठून, जवस भाजून, कुटून, चाळून आणि भरून आमच्या कुटुंबाच्या पदरीं २२ रुपये पडत होते. पुण्याच्या दुकानदारास त्याच चोवीस पुड्यांत ७२० रुपये मिळत. ते त्यांनीं न्याय्य रीतीनें मिळविलेले होते. दुकान, दिवा, नोकर हें सारें त्यांनाहि आहेच. पण २२ हा आंकडा आम्हीं तीनदां बेरीज करून पाहिला आणि तीन्ही वेळां तो तसाच आला.

कुरडयांची गोष्ट तर ह्याहून मौजेची. त्या मोडूं नयेत म्हणून आम्ही कुरियरनें पाठवीत असूं. खोक्याचें वजन तीन किलोंहून अधिक नव्हतें. पावती नऊ किलोंची आली. विचारतां कळलें कीं, हलक्या पण फुगीर मालाचें वजन कांट्यावर ठरत नाहीं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांच्या गुणाकारास पांच हजारांनीं भागतात. आमचें खोकें ४५, ४० आणि २५ चें, म्हणून नऊ किलो. गाडींत अडणारी जागा हीच त्यांची विक्रीची वस्तु, तेव्हां त्यांचें चुकलें असें म्हणतां येत नाहीं. कुरडईच्या नक्षींतून आरपार दिसणाऱ्या हवेचें भाडें आम्ही भरीत होतों, इतकेंच.

त्या रात्रीं आम्ही जें बोललों, तें येथें लिहितांना संकोच वाटतो. पण लपवून ठेवल्यास ह्या लेखास कांहीं अर्थ उरणार नाहीं. वही मिटून आम्हीं कुटुंबास म्हटलें, "जिन्नस कमी करतां येत नाहींत, पुडी कमी करतां येत नाहीं. मजुरी बारावरून दहा केली तर..."

कुटुंब तांदूळ निवडीत होतें. वर न पाहतांच तें म्हणालें, "अहो, पुण्याला फुकट पोंचवायचें तुम्हीं कबूल केलेंत, तिनें नाहीं."

आम्ही गप्प बसलों. आपण फार मोठ्या मनानें 'पोंच आमची' म्हणत होतों, आणि प्रसंग आला तेव्हां तो मोठेपणा दुसऱ्याच्या मजुरींतून कापून घ्यावयास निघालों होतों. रस्ता फुकट कधींच नसतो. बैलास वैरण लागते, मोटारीस तेल लागतें, हमालास पाठ लागते. तो खर्च किमतींत दिसेनासा केला म्हणजे नाहींसा होत नाहीं. ज्यास आवाज नाहीं अशा कोणाच्या तरी पदरांत तो मुकाट्यानें जाऊन पडतो.

पुढचे कांहीं दिवस आम्ही ह्याच विचारांत होतों, आणि निवृत्त माणसाच्या रिवाजास धरून जुनीं पुस्तकें चाळीत होतों. आपल्या पूर्वजांस ही अडचण आमच्यापेक्षां स्पष्ट दिसत होती. जुन्या मराठींत 'हुंडेकरी' हा शब्द आहे. आज तो आडनांवांत उरला आहे. ठरीव ठोक रकमेंत, वाटेवरच्या जकातींसुद्धां, माल मुक्कामीं नेऊन घालण्याचा मक्ता घेणारा तो हुंडेकरी. साधें भाडें वेगळें आणि हुंडा-भाडें वेगळें, हा भेद त्या काळच्या व्यापाऱ्यास मुखोद्गत होता. आमच्या 'पोंच आमची' ह्या दोन शब्दांत हुंडेकऱ्याची सारी जोखीम होती. त्याची रक्कम मात्र आम्हीं कोणाकडून घेतली नव्हती.

नागपुरास तर ही गोष्ट कोणीं शिकवावी लागूं नये. रेल्वेपूर्वीं ह्या मुलखांतला कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकांठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास आली आणि मालानें मुंबईची दिशा धरली. कापडाची गिरणी म्हणजे ती मुंबईंतच, अशी बहुतेकांची समजूत असतां जमशेटजी टाटांनीं आपली एम्प्रेस मिल येथें काढली. ती १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. कापूस येथला, आणि वरोऱ्याचा कोळसाहि फार दूर नाहीं. मग कापूस मुंबईस न्यावा आणि त्याचें कापड पुन्हां मध्यप्रांतांत आणावें, हा दुहेरी हेलपाटा कां? रस्त्याचा खर्च आधीं मांडून मग पाया खणणारा तो मनुष्य होता. गिरणी आतां नाहीं. पण तिच्या जागेवरून जातांना आम्हांस आमच्या वहींतील ते २२ रुपये आठवतात.

सगळीकडे एकच दर ठेवण्याची कल्पनाहि नवी नाहीं, आणि ती सर्वदा वाईटच असते असेंहि नाहीं. १८५४ सालीं ह्या देशांत अर्ध्या आण्यांत हलकें पत्र कोठेंहि जाऊं लागलें. शेजारच्या गांवीं आणि पेशावरास दर एकच. पत्रें लाखांनीं जाणार, आणि प्रत्येकावर अंतराचा हिशेब करीत बसण्यापेक्षां सरसकट दर स्वस्त, म्हणून तें निभावलें. १९५० च्या दशकांत आपल्या सरकारनें पोलादास असाच न्याय लावला. कारखान्यापासून जवळ असो कीं दूर, भाडें सारखेंच पडावें, अशी तजवीज झाली, आणि ती १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालली. मुंबईच्या कारखानदारास ती मानवली. ज्यांच्या भूमींत लोखंड आणि कोळसा होता त्या बिहार-ओरिसाकडील प्रांतांस मात्र खाणीशेजारीं असल्याचा लाभ उरला नाहीं. आम्ही महाराष्ट्रीय त्या सोयीचे उपभोक्ते होतों. तिची किंमत कोण भरीत होतें, हा प्रश्न आपल्या दिवाणखान्यांत फारसा निघाल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

आजच्या गिऱ्हाइकास तर 'मोफत घरपोंच' ह्या शब्दांची इतकी संवय झाली आहे कीं, भाड्याचा उच्चार त्यास अपमानासारखा वाटतो. समृद्धि महामार्ग २०२५ च्या जून महिन्यांत पुरा झाला. नागपूर-मुंबईचें अंतर आतां आठ तासांवर आलें असें सांगतात. आमच्या खोक्याचें भाडें त्यानें उतरलें नाहीं. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, असें झिरो माइलच्या खांबाकडे बोट दाखवून आम्हीं लहानपणापासून अभिमानानें सांगितलें. मध्यावर असणें म्हणजे सर्वांपासून सारखेंच लांब असणें, हा त्याचा व्यापारी अर्थ आम्हांस म्हातारपणीं कळला.

ह्या विचारांतून कांहीं कृति घडली असती कीं नाहीं, कोण जाणे. पण मध्येंच लोणच्याचा अपघात झाला. नाशिकच्या एका दुकानास आम्हीं लोणच्याच्या बारा बाटल्या आणि चटणीच्या कांहीं पुड्या एकाच खोक्यांत पाठविल्या. सात बाटल्या फुटल्या आणि तेल पुड्यांत मुरलें. दुकानदारानें छायाचित्र पाठविलें. तें पाहून आमच्या कुटुंबानें दिवसभर कोणाशीं भाषण केलें नाहीं. गुदामांत चौकशीस गेलों तेव्हां तेथील माणसानें शांतपणें बिल्टी उलटी करून दाखविली. मागें बारीक अक्षरांत छापलेलें होतें कीं, माल मालकाच्या जोखमीवर. दीड वर्ष बिल्ट्या खिशांत घालणाऱ्या ह्या कारकुनानें एकहि बिल्टी उलटून वाचली नव्हती.

शेजारीं एक वकील राहतात. त्यांनीं समजावून सांगितलें तें असें. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यान्वयें, वेगळा करार नसल्यास, माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला म्हणजे सकृद्दर्शनीं तो घेणाऱ्यास दिला असेंच समजतात. मात्र विकणाऱ्यानें मालाच्या जातीस शोभेल असा करार वाहतूकदाराशीं केला पाहिजे. "पण तुम्हीं 'पोंच आमची' म्हटलेंत," वकीलसाहेब म्हणाले. "म्हणजे दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतची जबाबदारी आपण होऊन डोक्यावर घेतलीत. शिवाय कांच आणि कागद एकाच खोक्यांत!" आम्हीं नाशिकच्या दुकानदाराचे पैसे भरून दिले. तें योग्यच झालें. पण त्या महिन्यांत वहींत उणें चिन्ह आलें.

त्या रात्रीं आम्हीं उभयतांनीं मिळून दुसरा हिशेब केला. वाहतूक कंपनी किमान पंचवीस किलोंचें भाडें घेते. खोकें सहा किलोंचें असो कीं बावीसचें, १८० रुपये ठरलेलेच. रिक्षाहि तीच. मग चोविसांऐवजीं शहाण्णव पुड्या गेल्या तर? दोन मोठीं खोकीं १२०, हमाली ४०, रिक्षा १५०, भाडें १८०, मिळून ४९०. पुडीमागें रस्त्याचा खर्च सतरा रुपयांवरून पांचांवर येतो. पूर्वीं २२ उरत तेथें १२३८ उरतात. रस्ता तोच, चटणी तीच. फरक एका फेरींत किती जातें एवढ्याचाच.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं अकरा दुकानदारांस पत्र लिहिलें. आठ डझन आणि त्यावरील मागणीस पोंच आमची. त्याखालील मागणीस बिल्टी 'टू-पे', म्हणजे भाडें दुकानदारानें देऊन माल सोडवून घ्यावा. रिक्षा आणि खोकें सदैव आमच्याकडे. कांचेच्या बाटल्या नागपूरबाहेर जाणार नाहींत. पुडीचा भाव वाढविला नाहीं. पत्र पेटींत टाकतांना आमचा हात थरथरला, हें कबूल करतों. कचेरींत मोठमोठ्या साहेबांस कडक मसुदे लिहून दिले. पण ते दुसऱ्याच्या सहीचे असत.

तिघांनीं मागणी बंद केली. दोघांचें उत्तरच आलें नाहीं. पुण्याचे गृहस्थ आठवडाभर गप्प होते. जुनें गिऱ्हाईक गेलें, असें आम्हीं धरून चाललों होतों. आठव्या दिवशीं त्यांचा टेलिफोन आला.

"अहो, हें पहिल्याच दिवशीं सांगायचें होतें," ते म्हणाले. "पोंच तुमची म्हटल्यावर मी माल भरून कशाला ठेवूं? दोन डझन संपले कीं टेलिफोन करीत होतों. गुदाम तुमचें, भाडें तुमचें. मला वाटलें, तुम्हांला असेंच परवडतंय."

ह्यावर काय बोलावें तें आम्हांस सुचेना. त्यांनीं आम्हांस लुबाडलें नव्हतें. आम्हींच त्यांना थोडा माल मागविण्याची संवय लाविली होती. फुकट फेरी जो देतो, त्याला फेऱ्याच फार पडतात.

"आठ डझन घेतों," ते पुढें म्हणाले. "निम्मा माल कोथरूडला माझ्या मेव्हण्याच्या दुकानांत जाईल. पण वहिनींना विचारा, इतका माल खवट तर नाहीं ना व्हायचा? जवस आहे तो."

हा प्रश्न आमच्या हिशेबांत नव्हता. तो दुकानदारानें विचारला, आणि त्याचें उत्तर आमच्या कुटुंबानें दिलें: दोन दुकानांत मिळून महिन्याभरांत खपत असेल तरच पाठवूं, आणि पुडीवर तयार केल्याची तारीख ठळक घालूं. स्वस्त वाहतुकीच्या लोभानें शिळा माल गिऱ्हाइकाच्या गळ्यांत घालणें, म्हणजे रस्त्याचें भाडें आतां त्याच्याकडून वसूल करणें, हें तिला आमच्या आधीं उमगलें.

आज सहा दुकानें राहिलीं आहेत. तीं पूर्वींच्या अकरांपेक्षां बरीं आहेत असें आंकडे सांगतात. सुटलेल्या तिघांविषयीं मनांत थोडी रुखरुख आहे, ती आंकड्यांनीं जात नाहीं. लहान दुकानदारास आठ डझन झेपत नाहींत आणि भाडेंहि झेपत नाहीं, हें खरें आहे. त्यास आमच्यापाशीं अजून उत्तर नाहीं. मदतीस येणाऱ्या बाईंची मजुरी बारांवरून तेरा झाली. दहा करावयास निघालेले आम्ही तेरा लिहूं लागलों, तेव्हां कुटुंबानें कांहींच म्हटलें नाहीं. आणि तें बरें झालें.

पुण्याच्या पहिल्या मोठ्या मागणीचे पैसे आले, त्या दिवशीं वाढीव मजुरी वजा जातां ११४२ रुपये उरले. जुन्या वहींत जिन्नस, पुडी, मजुरी, भाडें असे रकाने होते. ज्या हातांनीं चटणी होत होती, त्यांचा रकाना नव्हता. तो आम्हीं त्या रात्रीं आंखला. रक्कम मोजून कुटुंबापुढें ठेविली आणि तेहेतीस वर्षांच्या संवयीनें वहीहि सहीसाठीं पुढें केली. ती थोडी हंसली. मग पदराला हात पुसून तिनें पेन्सिल घेतली आणि रकान्यांत आमच्यापेक्षां किती तरी वळणदार अक्षरांत लिहिलें: 'पोंचले'.